गणपतीतल्या ग्रुप फोटोत आजोबांचा जुना फोटो बसवायचाय, पण कापून चिकटवल्यासारखा दिसतो, काय करू?

बघा, कडा कितीही नीट कापा, उजेड जुळला नाही तर डोळ्याला खटकतंच. ग्रुप फोटोत उजेड डावीकडून आणि आजोबांच्या तोंडावर उजवीकडून असेल तर त्यांचा लेयर (ग्रुप फोटोवर ठेवलेला त्यांच्या फोटोचा वेगळा थर) आडवा फ्लिप करा, म्हणजे आरशातल्यासारखा उलटा, फक्त मग शर्टाचा खिसा, घड्याळ दुसऱ्या बाजूला जातं ते बघा की.

इरेजर वापरू नका, लेयर मास्क (त्या थरावरचा झाकायचा पडदा) लावा, काळ्या ब्रशनं लपतं, पांढऱ्यानं परत येतं, म्हणजे चुकलं तरी मूळ फोटो शाबूत. गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं फुकट होतंय. कड एक-दोन पिक्सेल मऊ ठेवा.

प्रिंटचा मोबाईलवर फोटो काढू नका, बेळगावात शहापूर नाहीतर खडेबाजारात झेरॉक्सवाल्याकडं 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन मिळतं का विचारा. स्कॅनचा पिवळेपणा कमी करा, आणि जुन्या फोटोला दाणे असतात, नवा एकदम गुळगुळीत, म्हणून शेवटी सगळ्यावर मिळून थोडा नॉइज (बारीक दाणे) टाका, त्यानं लई फरक पडतो.

आजोबांना शक्यतो मागच्या रांगेत घ्या, पाय आणि जमिनीवरची सावली करायची कटकटच राहत नाही.