उबुंटूवर पायथन ३.१२ आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टला ३.११ हवं, ते ३.१२ काढून टाकू का?

अजिबात काढू नका. उबुंटू २४.०४ ची स्वतःची बरीच कामं त्याच ३.१२ वर चालतात. ते उडवलं तर टर्मिनलसुद्धा उघडायचं नाही. तुमचा प्रोजेक्ट अडतोय तो बहुधा ३.१२ मधून डिस्ट्युटिल्स (पॅकेजं बांधायचं जुनं मॉड्यूल) काढल्यामुळे.

पायएन्व्ह वापरा, म्हणजे पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं टूल. ते प्रत्येक आवृत्ती होम फोल्डरमध्ये वेगळी ठेवतं, सुडो (अॅडमिनचे अधिकार) लागत नाही. मात्र पायथन सोर्सपासून बिल्ड होतं, म्हणून आधी कंपायलर आणि ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट यांची डेव्ह पॅकेजं (बिल्डला लागणाऱ्या फाइल्स) एप्टने, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज टूलने, घाला. लोक इथंच चुकतात: ओपनएसएसएलचं डेव्ह पॅकेज नसेल तर पायथनला एसएसएल (सुरक्षित कनेक्शनची सोय) मिळत नाही आणि बिल्ड एरर देऊन थांबतं. पॅकेज घालून ती आवृत्ती पुन्हा बिल्ड करावी लागते.

मग 'पायएन्व्ह इन्स्टॉल ३.११' ने ती आवृत्ती बिल्ड करा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'पायएन्व्ह लोकल ३.११' चालवा. तरी ३.१२ च दिसलं, तर बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) पायएन्व्हच्या ओळी घातलेल्या नाहीत, किंवा टर्मिनल बंद करून उघडलेलं नाही. जुना व्हेन्व्ह (प्रोजेक्टच्या पॅकेजांचा वेगळा फोल्डर) मात्र पुसून नवा करा, तो ३.१२ लाच बांधलेला असतो.