डूला ट्रेनिंग झालं, पण बाळंतपणं मिळत नाहीत: माझा अनुभव

डूलाचं, म्हणजे बाळंतपणात बाईसोबत राहून तिला धीर-आधार देणारीचं, ट्रेनिंग होऊन ८ महिने झाले, सर्टिफिकेटला ३ बाळंतपणं हवीत आणि हातात एकही नाही, काय करू, असं तुम्ही विचारलंय. ते वाचून ५ वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले, माझंही अगदी हेच होतं. ओळखीत सांगा, इन्स्टावर टाका हे तुम्ही केलंच असणार, ते सोडते.

मला पहिली क्लायंट मिळाली होती, तरी ते बाळंतपण हातचं गेलं. सातव्या महिन्यात तिच्या डॉक्टर मॅडमना भेटले, त्या म्हणाल्या, "या की, काही हरकत नाही." मी तेवढ्यावर निर्धास्त. रात्री दीडला फोन आला, पहाटे चारपर्यंत तिच्या घरी कंबर दाबत बसले, दर कळेला ती माझं मनगट धरायची आणि कळ ओसरली की सोडायची, आमचं छान जमलं होतं. हॉस्पिटलला पोचलो तर लेबर रूमच्या दारात सिस्टर म्हणाल्या, एकच माणूस, नवरा नाहीतर तुम्ही. मॅडम फोन उचलेनात, ऑफिस नऊला उघडणार. नवऱ्याला बाहेर बस म्हणायचा मला काय अधिकार? बाहेर लोखंडी बाकावर बसले, आतून तिचा आवाज येत होता. नऊला ऑफिसातल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "आमच्याकडे लेखी काही नाही." दहा चाळीसला बाळ झालं. माझ्या फॉर्मवर ते धरलं गेलं नाही हे एक, पण दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ताई, तुम्ही कुठे गेला होतात?" ते अजून लागतं.

म्हणून तोंडी 'हो' वर अजिबात राहू नका. ३४ व्या आठवड्याच्या आत क्लायंटने स्वतःच्या सहीने अर्ज द्यायचा (तुम्ही नाही, पेशंटचं ऐकतात), त्यात 'नवरा आणि डूला दोघंही आत' असं स्पष्ट हवं, खाली डॉक्टरांची सही, एक कॉपी तिच्या फाइलमध्ये सगळ्यात वर, एक तुमच्याकडे. मग लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरना जाऊन भेटा, आणि जमलं तर रात्रपाळीच्या सिस्टरनाही, कारण दारात त्याच असतात. सर्टिफिकेटच्या फॉर्मवर सही कोण देणार तेही तेव्हाच विचारून ठेवा. २०१६ मध्ये केंद्राने सरकारी दवाखान्यांत सोबतीला माणूस ठेवायला मुभा दिली, पण त्यात नात्यातली, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली बाई धरलीय, त्यामुळे खाजगीत तो कागद दाखवून वाद घालू नका. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस, बाईच्या पसंतीची सोबत असावी ही, अर्जाला जोडा, डॉक्टर ते वाचतात.

क्लायंटचं म्हणाल तर पहिला प्रश्न 'डिलिव्हरी कुठे?' माझ्या दोघी ओटीभरण झाल्यावर माहेरी गेल्या, एक लातूरला, एक जळगावला, आणि माझे महिने फुकट. उलट बेंगळुरू-हैदराबादहून पुण्यात माहेरी येणाऱ्या मुली शोधा. तिथे आईशी बोला, कारण "मी आहे ना, मग ह्या कशाला?" हा प्रश्न तिचाच असतो. बाळबाळंतिणीची मालिश करणाऱ्या मावश्यांना तर भेटाच, त्यांचं बुकिंग दोन-तीन महिने आधी होतं, कुणाचे दिवस कधी भरतायत ते त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं. मला ३ पैकी २ जणी एका मावशींनीच मिळवून दिल्या.

फुकट करू नका, हे माझं ठाम मत आहे, बाकीच्यांना पटेलच असं नाही. फुकट असलं की कळा सुरू झाल्यावर आपल्याला फोन करायचंच राहून जातं. ५०० रुपये घ्या, पण घ्या.

हे सगळं पुण्याचं सांगतेय, छोट्या गावात वेगळं असेल. मी डॉक्टर नाही, आणि तुम्हीही बीपी बघणं, औषध सुचवणं यात चुकूनही पडू नका, एका डूलाने केलं की त्या हॉस्पिटलचं दार सगळ्यांना बंद. आणि बॅगेत सुती मोजे दोन जोड ठेवा, एक तिला. एसीत पाय फार गार पडतात.