पुण्यात फ्लॅटसाठी टाइल्स घेतोय. खोक्यावर आयएस 15622 छापलंय, दुकानदार फर्स्ट क्वालिटी म्हणतो. एवढं पुरेसं आहे का?

नाही. मी फरशीची कामं घेतो, आणि हा प्रश्न मला दर दुसरं गिऱ्हाईक विचारतं.

आयएस 15622 हे प्रेस करून बनवलेल्या सिरॅमिक टाइल्सचं भारतीय मानक. चाचण्या कशा करायच्या ते आयएस 13630 मध्ये आहे. पण बाथरूमच्या भिंतीची टाइल आणि हॉलची व्हिट्रिफाइड (घट्ट भाजलेली, पाणी जवळजवळ न पिणारी), दोन्ही याच 15622 मध्ये बसतात. म्हणून नुसत्या नंबरवर न जाता त्याच्याजवळ छापलेला गट वाचा. गट ठरतो टाइल किती पाणी पिते त्यावरून. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत वजनाच्या 0.5 टक्क्यापर्यंत पिणारी बी-1-ए (BIa), म्हणजे व्हिट्रिफाइड; 10 टक्क्यांहून जास्त पिणारी बी-3 (BIII). बी-3 म्हणजे भिंतीची. ती स्वस्तात मिळाली म्हणून जमिनीवर लावलीत तर रडाल.

कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या दुकानांत गेलात की सॅम्पल उलटं करून मागच्या बाजूला पाण्याचे चार थेंब टाका. भिंतीची टाइल बघता बघता ते शोषते. व्हिट्रिफाइडवर थेंब तसेच बसून राहतात. पक्कं बघायचं तर घरी तुकडा वजन करा, दोन तास उकळा, पुसून परत वजन करा. एक किलोच्या व्हिट्रिफाइड तुकड्याचं वजन पाच ग्रॅमपेक्षा जास्त वाढता कामा नये.

मग दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. डगमगल्या तर वाक आहे, आणि तो कुठलाही मिस्त्री लपवू शकत नाही. लावल्यावर कोपऱ्यांना नख अडकतं. मोठ्या साइजमध्ये हे हमखास तपासा.

‘फर्स्ट क्वालिटी’ मुख्यतः वरून दिसणाऱ्या दोषांबद्दल असते: पिनहोल (सुईच्या टोकाएवढी भोकं), कड उडालेली, शेड म्हणजे रंगछटेतला फरक. तपासणी भरपूर उजेडात एक मीटरवरून करतात आणि किमान 95 टक्के टाइल्स निर्दोष लागतात. म्हणजे प्रीमियम खोक्यातही एखादी डागी निघू शकते, त्यावरून भांडू नका.

ग्लेज्ड (वर काचेसारखा थर असलेली) टाइल जमिनीवर लावायची असेल तर पीईआय, म्हणजे तो थर झिजेला किती टिकतो त्याचा आकडा, विचारा; घराला 3 चालतो, दाराशी 4 घ्या. बाथरूमच्या जमिनीला मॅटच घ्या. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर गडद ग्लॉसी टाळा, पांढरे डाग पुसून पुसून कंटाळाल. हे कुठल्याच चाचणीत येत नाही.

सगळी खोकी एकाच लॉटची आणि शेडची घ्या, दोन जास्तच.