कुर्ता काळ्या नक्षीवरच का फाटतो? कोकणच्या हवेत टिकणारं कापड, रंग आणि शिवण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणात राहून सुती कुर्ते आणि बंड्या करायच्या आहेत, रंग झाडापाल्याचेच हवेत. पण पहिल्या खेपेला जिथे काळी ठसेछपाई होती तिथेच कापड विरलं, कोकमाचा गुलाबी धुण्यात राखाडी पडला आणि पावसाळ्यात घड्यांवर बुरशीचे ठिपके आले. नव्याने सुरुवात कुठून करावी?

या तिन्हीची कारणं वेगळी आहेत. सगळ्यात गंभीर काळ्याचं, म्हणून तेच आधी घेतो.

हिरडा आणि हिराकस यांचा काळा म्हणजे टॅनिन (हिरड्यातलं तुरट द्रव्य) आणि लोह यांचा संयोग. हिराकस हे लोहाचं सल्फेट. त्यातून थोडं आम्ल सुटतं आणि ते सुताला कुरतडतं. शिवाय कापडात उरलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनची धाग्यावरची क्रिया वेगाने घडवतं. दमट हवा आणि घाम या दोन्हींमुळे हे काम आणखी जलद होतं, आणि किनाऱ्यावर दोन्हींची कमतरता नाही. जुन्या छापील सुती कापडांत लाल-निळं शाबूत आणि काळ्या रेघाच गळून गेलेल्या दिसतात, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून १ किलो कोरड्या कापडाला १० ते २० ग्रॅमपेक्षा जास्त हिराकस नको. कापड त्यात १० मिनिटं ठेवून लगेच तीन-चार पाण्यांतून काढा. गडद रंग हवा म्हणून हिराकस वाढवू नका. आधी कात आणि त्यावर निळीचे (झाडाच्या निळीचे, म्हणजे इंडिगोचे) दोन-तीन हात दिले तर काळ्याच्या जवळ जाणारा खोल रंग मिळतो आणि सूत सुरक्षित राहतं. निळीचा अंगाला किंवा पांढऱ्या कपड्याला रंग लागतो, तेव्हा शेवटी साबणाच्या गरम पाण्यात नीट धुऊन काढा.

आता नक्षी. कागदावर काही काढण्याआधी कुणाचा तरी तीन-चार वर्षं वापरलेला सुती कुर्ता घ्या आणि खिडकीत उजेडासमोर धरा. जिथे कापड पातळ झालंय तिथून उजेड जास्त येतो: कॉलरची घडी, काख, पिशवीचा पट्टा येतो तो खांदा, कोपर, खिशाचे वरचे दोन कोपरे. हा झिजेचा नकाशा झाला. लोहाचा काळा या जागांवर अजिबात येऊ देऊ नका. तो घेराच्या काठावर, छातीवर, पाठीच्या मधल्या भागात ठेवा. आणि झिजणाऱ्या जागांवर आतून दुसरा थर लावून गोधडीसारखा धावदोरा घाला, ओळींत साधारण अर्धा सेंटीमीटर अंतर ठेवून. बळकटी आणि नक्षी एकाच कामात होते. माझ्या मते तुमच्या कपड्याची ओळख छपाईपेक्षा या टाक्यांवर उभी राहावी. आतला थर मात्र आधी धुऊन आटवलेलाच हवा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि वरचं कापड चुरगळून बसतं.

कापड घेताना दुहेरी पिळाचं सूत, घट्ट साधी वीण आणि चौरस मीटरला १४० ते १६० ग्रॅम वजन बघा. १ किलोत ४४ इंच पन्ह्याचं साधारण ६ मीटर बसतं. सुताच्या नावाखाली व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात केलेला धागा) मिसळलेलं कापड सर्रास मिळतं आणि जाळून बघण्याचा इथे उपयोग नाही, कारण दोन्ही कागदासारखीच जळतात. त्यापेक्षा एक धागा काढा, मधोमध जिभेने ओला करा आणि दोन्ही टोकं ओढा. व्हिस्कोस ओल्या जागी पटकन तुटतं; सूत ओलं झाल्यावर उलट थोडं बळकट होतं. रोज घामाने भिजणाऱ्या आणि धुतल्या जाणाऱ्या कपड्याला हा फरक फार मोठा. आटण्यासाठी ५० सेंटीमीटरचा चौकोन न जाणाऱ्या पेनने आखा, गरम पाण्यात तीनदा धुऊन वाळवा आणि मोजा. ४८.५ भरला तर ३ टक्के आटलं. बेतण्याआधी सगळं कापड असंच धुऊन घ्या.

रंगवण्याआधी पाणी तपासा. जांभ्यातल्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह असतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात हिरड्याचा गाळलेला काढा चमचाभर घाला. पाणी निळसर-काळं व्हायला लागलं तर त्या पाण्यात तुमचा पिवळा कधीच स्वच्छ येणार नाही. पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवा. रंगकामाला त्याच्यासारखं पाणी नाही. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी भांडं रंग काळवंडवतं आणि ॲल्युमिनियमवर सोड्याची क्रिया होते.

१ किलो कापडाचं माप असं. २५ लिटर पाण्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि तितकाच साबण घालून कापड तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं, तो सुतावरचा मेण आणि मळ. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच आत शिरायला हवा. वर मोत्यासारखा थांबला तर पुन्हा उकळा. ही पायरी गाळली की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मग २०० ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात भिजवून, गाळून, त्यात कापड रात्रभर ठेवा. पिळा, धुऊ नका, सावलीत वाळवा. नंतर १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा, २० ग्रॅम सोडा वेगळा विरघळवून हळूहळू ओता. फेस वर येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. कापड यात रात्रभर ठेवून वाळवा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या आणि रंगात घालण्याआधी हलकं खळबळून घ्या.

पिवळ्यासाठी सुतारांकडून फणसाच्या लाकडाचा भुसा आणा. साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड नको, गाभ्याचा पिवळा भुसा हवा. कापडाच्या वजनाइतका भुसा पुरचुंडीत बांधून रात्रभर भिजवा, मग मंद आचेवर तासभर ठेवा. तपकिरीला खैर. चिपळूण परिसरात कात तयार होतो, पण पानाचा पांढरट कात रंगाला कमी पडतो. तो गाळल्यावर उरणारा गडद, टॅनिनने भरलेला अर्क ‘कच’ नावाने विकला जातो, तो घ्या. २०० ग्रॅम पुरतो. सुती जाळी वापरात होती तेव्हा मच्छीमार ती झाडांच्या सालींच्या काढ्यात भिजवत, ते याच टॅनिनसाठी. त्याने जाळं उशिरा कुजतं.

कोकमाचा नाद सोडा. त्याचा लाल रंग आम्लात लाल आणि साबणाच्या पाण्यात निळसर-राखाडी होणाराच आहे, तुरटीने तो थांबत नाही. हळदही उन्हात उडते.

शिवणीत तुमचा विरोध असेल तरी मी पॉलिएस्टरचा दोरा सुचवेन. सुती दोरा कापडाआधी तुटला तर चांगला कुर्ता कपाटात पडून राहतो. तो दोरा हे रंग धरत नाही, म्हणून कापड आधी रंगवा, मग शिवा. १४ नंबरची सुई, इंचाला १० ते १२ टाके. त्याहून दाट केले तर सुई कापडाला भोकांची रांग पाडते. बाजूच्या शिवणी जीन्ससारख्या, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोन टिपांच्या करा. काखेत चौकोनी तुकडा घाला, ताण वाटला जातो. कॉलरला गोंदाचं कॅनव्हास लावू नका, ते धुण्यात फुगतं. त्याच कापडाचा दुहेरी थर पुरतो. खाऱ्या हवेत लोखंडी हूक आणि बटणं गंजतात, गंज कापडही खातो आणि हिरड्यावर काळा डागही पाडतो. करवंटीची बटणं आणि नाडी बरी.

बुरशीचं मूळ बहुधा खळीत आहे. स्टार्च हे तिचं अन्नच. कोरं कापड उकळताना खळ पूर्ण काढा, तयार कपड्याला कांजी देऊ नका आणि इस्त्रीची वाफ गेल्याशिवाय घडी घालू नका. रंगकाम दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका. जून ते सप्टेंबर कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, ते महिने धावदोऱ्याला आणि शिवणीला द्या.

विकण्याआधी प्रत्येक रंगाची पट्टी पुठ्ठ्यात अर्धी झाकून एप्रिलच्या उन्हात तीन आठवडे खिडकीत ठेवा. झाकलेल्या आणि उघड्या भागांत फरक लांबूनही दिसला तर तो रंग यादीतून काढा. मोठी ऑर्डर घेणार असाल तर घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये, म्हणजे बीटीआरएत, रंगाची चाचणी करून घ्या. धुण्याचा पक्केपणा १ ते ५ आणि उजेडाचा १ ते ८ या मापात मोजतात. धुण्यात ३ च्या खाली उतरलेला रंग मी तरी गिऱ्हाइकाला देणार नाही.