ऐतिहासिक गेम खेळून प्राचीन इतिहास खरंच शिकता येतो का?

तुम्ही विचारलंय की लहान भाऊ दिवसभर असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स खेळतो आणि वर म्हणतो मी इजिप्तचा इतिहास शिकतोय, तर यात काही तथ्य आहे का. आहे, बरंच आहे. फक्त गेममधलं काय इतिहास म्हणून घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं हे त्याला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. मी माझ्या भाच्याला एवढंच सांगितलं होतं, घरं, रस्ते, देवळं, बाजार नीट बघ, पण माणसं काय बोलतात आणि कोण कुणाला मारतं ते गोष्ट म्हणून सोडून दे.

ओरिजिन्सचा काळ साधारण इ.स.पू. 49 पासूनचा, म्हणजे क्लिओपात्रा आणि सीझरचा. भाचा तेव्हा सहावीत होता आणि त्याच्या डोक्यात पिरॅमिड, ममी, क्लिओपात्रा सगळं एकाच काळात कोंबलेलं होतं (माझ्याही होतं त्या वयात). गेममध्ये गिझाला पोचल्यावर त्याने विचारलं, मामा हे आधीच इतकं जुनं का दाखवलंय? मग आम्ही बसून हिशोब केला. खुफूचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. 2560 च्या आसपासचा, म्हणजे क्लिओपात्राच्या वेळेला तो अडीच हजार वर्षं जुना होता, आणि क्लिओपात्रापासून आपल्यापर्यंत दोन हजारांच्या थोडं वर. ती पिरॅमिडपेक्षा आपल्या जवळची! आपल्याकडे तो साधारण सातवाहनांचा काळ, नाणेघाटचा शिलालेख त्याच सुमाराचा. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं, पण त्या धुळीतून घोडा घेऊन गेल्यावर ते अंतर जसं जाणवतं तसं वाचून माझ्या तरी कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

या गेममध्ये डिस्कव्हरी टूर नावाचा एक मोड आहे, फेब्रुवारी 2018 मध्ये आला, तो भावाला आधी दाखवा. त्यात मारामारी नाही, मिशन नाही, 75 टूर आहेत, ममी कशी करायचे, अलेक्झांड्रियाचं दीपगृह, शेती, रोमन सैन्य वगैरे, चालत चालत ऐकायचं. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं तर आम्ही इथे बदल केलाय हे ते स्वतःच सांगतात. एका शाळेत मुलं-मुली एकत्र बसलेली दिसतात आणि तिथेच लिहिलंय की प्रत्यक्षात असं नव्हतं, हे आम्ही मुद्दाम केलं. असा प्रामाणिकपणा सगळ्या गेममध्ये नसतो. 2004 च्या रोम टोटल वॉरमध्ये इजिप्तचं सैन्य बघा, काळ इ.स.पू. 270 आणि सैनिक जुन्या फॅरो रामसेसच्या जमान्यातले, रथ वगैरे घेऊन, जेव्हा की तेव्हा तिथे टॉलेमी हे ग्रीक घराणं राज्य करत होतं आणि त्यांचे सैनिक मॅसिडोनियन पद्धतीने लांब भाले घेऊन लढायचे. सरळ हजार वर्षांचा घोळ.

आणि भिंतींवर विश्वास ठेव म्हटलं तरी तिथेही कधी कधी अंदाज असतो. ओरिजिन्समध्ये मोठ्या पिरॅमिडच्या आत जे बोगदे आहेत ते जाँ-पिएर हुदाँ नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाच्या थिअरीवरून घेतलेत, बांधताना आतून उतार काढून दगड वर नेले अशी ती थिअरी, पण बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत. भाऊ हे खरं समजून बसला असेल तर सांगा त्याला.

पण मला विचाराल तर इतिहास शिकायला याहून चांगला गेम म्हणजे फेरो, 1999 चा. दिसायला साधा, वरून शहर बघायचं आणि वसवायचं, बस. पण त्यात नाईलला पूर येतो आणि सगळं त्या पुरावर चालतं, पूर कमी आला की पीक कमी, पीक कमी की लोक उपाशी. वर्क कँप (गेममधली मजूर पुरवणारी इमारत) मधले लोक शेतीच्या दिवसात शेतावर जातात आणि पूर आला, शेतं पाण्याखाली गेली की तेच लोक पिरॅमिडच्या कामावर. विटा करायच्या तर माती आणि पेंढा दोन्ही लागतं, पेंढा धान्याच्या शेतातूनच येतो. गुलामांना चाबकाने मारून पिरॅमिड बांधले हे जे आपण सगळे ऐकून असतो ते या गेममध्ये नाही, आणि ते बरोबर आहे, गिझाजवळ कामगारांची वस्ती उत्खननात सापडलीय, बेकऱ्या, गुराढोरांची हाडं, कामगारांची स्वतःची थडगी सुद्धा. गेम येऊन चौदा वर्षं झाल्यावर, 2013 मध्ये, तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरस मिळाले, त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. साधारण चाळीस माणसांची टोळी, तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे आणि गिझाला नेऊन उतरवायचे, दहा दिवसात दोन-तीन खेपा, खुफूच्याच पिरॅमिडसाठी. मी कॉलेजात असताना फेरोमध्ये रात्र-रात्र हेच करत होतो ना, दगड कमी पडले म्हणून पिरॅमिड अडकलाय! मेरेरबद्दल वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा माणूस आणि त्याची अडचण मला आधीपासून कळत होती.

अजून एक गोष्ट करा, स्क्रीनवर बघितलेलं काहीतरी प्रत्यक्ष दाखवा. आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे भाच्याला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये घेऊन गेलो. तिथे पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, 1940 च्या दशकात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली. तो काचेला नाक लावून उभा, हा इकडे कसा आला मामा? मग घरी येऊन मॅप काढला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की भडोच या गुजरातमधल्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, माल तिथून बंदरावर येतो, सोपारा आणि कल्याणचंही नाव त्यात आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरातून मान्सूनचा वारा धरून जहाजं इकडे यायची. तेवढ्यावरून तो महिनाभर सातवाहनांची नाणी शोधत होता नेटवर, त्याच्या आईला वाटलं अजून गेमच चालू आहे.

तुमचा भाऊ किती वर्षांचा ते लिहिलं नाहीये. दहा-बाराचा असेल तर ओरिजिन्सची मूळ स्टोरी त्याच्यासाठी नाही, रक्तपात खूप आहे, नुसती डिस्कव्हरी टूर द्या, पीसीवर ती वेगळी पण मिळते. लॅपटॉप जुना असेल तर फेरो घ्या, 1999 चा गेम आहे, ग्राफिक्स कार्ड नसलं तरी चालतो.