सह्याद्रीत टेंट टाकून राहिलं तर विषारी साप चावायची भीती कितपत असते?

टेंटची चेन नीट लावून झोपलात तर फार कमी, खरा धोका टेंटच्या बाहेर असतो. आपल्याकडचे मेन चार म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर भरपूर, फूट-दीड फुटाचं, दगडाखाली बसतं, म्हणून चुलीला दगड उचलताना डायरेक्ट हात घालू नका, आधी काठीने हलवून बघा. पण मला विचाराल तर सगळ्यात डेंजर मण्यार, कारण ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तर बऱ्याचदा दुखतही नाही की सूजही येत नाही, माणूस झोपूनच राहतो आणि पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणतो. सो उघड्यावर चटई टाकून तारे बघत झोपायची हौस असेल तर प्लीज नको! रात्री लघवीला जाताना टॉर्च नि बूट मस्ट, बूट आधी झटकून. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करू नका, मांत्रिक तर नकोच, ज्याला चावलाय त्याला चालू न देता उचलून खाली आणा आणि १०८ ला फोन लावा, सरकारी हॉस्पिटलात अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, फुकट मिळतं.