‘दिसायला ठणठणीत’ माणसाचं काय करायचं?

प्रश्न: माझे मिस्टर ३८ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी कराडजवळ मोटारसायकल घसरली. हेल्मेट नव्हतं, डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात. पण किराणा दुकानात एकाच गिऱ्हाइकाची उधारी दोनदा मांडतात, संध्याकाळी मुलं, टीव्ही, मिक्सर एकदम सुरू झाले की ताट भिरकावतात. दीर म्हणतात, सोंग आहे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो, तर तीन तास रांगेत थांबून डॉक्टरांसमोर हे म्हणाले, “मी एकदम बरा आहे.” हात-पाय चांगले म्हणून परत पाठवलं. मदत कुठे मागू?

उत्तर: सोंग नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की आपल्यात काय बिघडलंय हे अनेकदा स्वतःलाच कळेनासं होतं. ‘मी बरा आहे’ हे त्यांना खरंच वाटतं. दोन मिनिटं ते छान बोलतातही. तुम्ही सोसता तो उरलेला अख्खा दिवस!

म्हणून पुढच्या वेळी आठवड्याची वही घेऊन जा. तारीख, वेळ, काय घडलं, एवढंच. ‘फार चिडतात’ असं लिहू नका. ‘मंगळवारी दूध उकळायला ठेवून झोपले’ असं लिहा. गर्दीच्या आधी, सकाळची वेळ मागून घ्या. दमलेला मेंदू दुपारी आणखी चुकतो. रॅम्प बांधला की सोय झाली असं आपल्याकडे समजतात. तुमच्या माणसाला रॅम्प नको. शांत खोली आणि कागदावर लिहून दिलेल्या सूचना हव्यात. त्या मागताना संकोच करू नका.

दाखल्याचं असं आहे: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत डोक्याच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही. मारामुळे काय बिघडलं, बोलणं, हालचाल की मानसिक स्थिती, त्यावर अपंगत्वाची टक्केवारी ठरते आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. आधी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूचं काम तपासणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, स्मरण आणि एकाग्रतेची चाचणी करून लेखी अहवाल घ्या. तो जोडूनही नकार मिळाला तर अपील करता येतं. अपघाताचा दावा चालू असेल तर हाच अहवाल वकिलांना द्या, आणि तो हाती येईपर्यंत तडजोडीवर सही करू नका.

मुंबईला एक खेप जमली, तर हाजीअलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था किंवा केईएम, नायर, सायन रुग्णालयाचा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमवून देणारे उपचार) विभाग गाठा. दर आठवड्याला येणं तुम्हाला परवडणार नाही, म्हणून घरी काय करायचं ते लिहूनच घ्या.

मी महापालिकेच्या दवाखान्यात हेच काम केलं. सुरुवातीला मीही पेशंटला पाठांतर करायला लावायची, ‘आठवा बघू’ म्हणायची. चूक होती ती. चुकीचं उत्तर एकदा तोंडून गेलं की तेच मनात बसतं. एक शिंपीकाका रिकामंच पातेलं गॅसवर ठेवायचे. ओट्यामागे पाणी, साखर, पावडर, दूध असे चार फोटो ओळीने चिकटवले. तीन आठवड्यांनी त्यांनी मला चहा पाजला. गोड मिट्ट, पण त्यांचा.

दुकानातही तेच करा. उधारीची एकच वही ठेवा, ती दोरीने गल्ल्याला बांधा, आणि मांडलेल्या ओळीवर लगेच बरोबरची खूण करायची सवय लावा. दुपारी दीड तास शटर खाली. फिटच्या गोळ्या असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे.

तुमच्यासाठी: १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीत, रात्रीही बोलतात.

आणि दिरांना एक अख्खा दिवस दुकानात बसवा, सकाळी शटर उघडण्यापासून. हिशेब तपासायला नको, नुसतं बघायला.